उकिरड्याचे मास्तर

लग्नाची जेवणं उरकल्यावर उष्ट्या पत्रावळींपाशी उभा राहून समाधानानं हसणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. बाकीचे पुरुष पान चघळत मांडवात लवंडलेले असायचे आणि आमचे मास्तर परसात, दोन्ही हात पाठीमागे बांधून, एकेका पत्रावळीवर वाकून बघत असायचे. धोतराचा सोगा तेवढा खांद्यावर टाकलेला, खरकट्याला लागू नये म्हणून. शेजारच्या घरच्या लग्नात मी पानं उचलायला गेले तर मला म्हणाले, "सूनबाई, थांब, इतक्यात उचलू नकोस. हा बघ, हा डावखुरा. चोथा सगळा डाव्या अंगाला टाकलाय. याला दाढा नाहीत, शेवग्याची शेंग नुसती चोखून ठेवलीय. आणि ही जी कोण बसली होती ना, तिला जेवण गेलंच नाही. भात सगळा कालवलाय, पण घास दोन-तीनच. रडत होती बिचारी."

ते पान नवरीच्या आईचं होतं. त्या पंगतीत मीच वाढत होते म्हणून मला ठाऊक. मास्तर पंगतीकडे फिरकलेही नव्हते.

"माणूस देवळात खोटं बोलेल, कोर्टात बोलेल, उकिरड्यात नाही बोलणार," असं ते म्हणायचे. दिवसातून एकदा तरी म्हणायचे. आमच्या सासूबाई त्यावर कपाळाला हात लावून म्हणायच्या, "आमच्या नशिबाला कसला भाडेकरी आला बाय, देव सोडून शेणकीत दर्शन घेतो!"

तर ते असे आमच्याकडे राहायला होते. तीस सालाच्या आगेमागेची गोष्ट. आमचं घर रत्नागिरीपासून चालत दोन-अडीच तासांवर, खाडीच्या अंगाला. माझे यजमान मुंबईला गिरणीत. शिमगा-गणपतीला यायचे. घरात मी आणि सासूबाई, दोघीच. पडवीला लागून एक खोली रिकामी होती, ती मास्तरांनी घेतली. शहरात शाळेत चित्रकला शिकवून ते निवृत्त झालेले. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. भावाकडे राहत होते, पण तिथं त्यांनी विहिरीमागची जागा जुनी खापरं मिळतात म्हणून उकरायला घेतली, आणि ती उकरता उकरता भावजयीच्या अळवाची मुळं उपटली. झालं, तिनं कोयता घेऊन त्यांना अळवातून बाहेर काढलं आणि दुसऱ्या दिवशी घरातून. हे त्यांनीच सांगितलं, अगदी हसत हसत. वर म्हणाले, "अळू खाजत होतं, पण खापर चांगलं होतं."

ते आमच्यात येऊन राहिले याचं त्यांच्या आळीत पुष्कळ बोलणं झालं. आमचं घर मासळीवाल्यांचं, आणि मास्तर कांदासुद्धा न खाणारे. आपला भात ते आपल्या हातानं रांधत. पण बसत मात्र आमच्या चुलीपुढे, दोन हात अंतर ठेवून. मी कालवं सोलायला बसले की यांची वही उघडलीच. कालव कुठल्या बाजूनं धरलंस? कोयती कितीदा मारलीस? टरफल कुठं टाकणार? एवढं बघायचे, लिहायचे, चित्र काढायचे, आणि वास आला की उपरणं नाकाला लावायचे. मी एकदा म्हटलं, "मास्तर, एवढं बघताय तर एक खाऊन बघा." तर म्हणाले, "सूनबाई, माझं डोकं दहा हजार वर्षं मागं जायला तयार आहे, पोट अजून आजोबांपाशी अडलंय."

त्यांच्या खोलीत घासलेटचा एक रिकामा डबा होता. त्यात ते आपला महिन्याभराचा केर साठवायचे. केळीची साल, काडी, फाटका कागद, नारळाची शेंडी, सगळं त्यात. महिना संपला की डबा अंगणात घेऊन बसायचे आणि वरून एकेक थर काढत तळाला जायचे. बाजूला डायरी ठेवलेली. "ही राजगिऱ्याची फोलपटं, म्हणजे एकादशी. एकादशीच्या खाली लिंबाची साल, म्हणजे मला ताप आला होता तो दिवस. बरोबर!" डायरीशी जुळलं की टाळी वाजवायचे. नाही जुळलं तर डायरीवर रागवायचे, डब्यावर नाही. मुंग्या मात्र आमच्या घरभर व्हायच्या. सासूबाई एकदा त्यांचा डबा गुपचूप माडाच्या आळ्यात उपडा करून आल्या तर मास्तर दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मालकीणबाई, तुम्ही माझा अख्खा मार्गशीर्ष खताला घातलात."

आणि ती गारगोटी! पूर्वी लोखंड नव्हतं तेव्हा माणसं गारगोटीच्या कपच्यांनी कापायची, सोलायची, असं त्यांच्या इंग्रजी पुस्तकांत होतं. पुस्तकात आहे म्हणून मानायचा स्वभाव नव्हता त्यांचा. कातळाच्या सड्यावरून गारगोट्या वेचून आणल्या, एकीवर एक आपटून कपच्या काढल्या आणि गणपतीच्या आदल्या दिवशी त्या कपचीनं दाढी करायला बसले. अर्धी झाली. उरलेली अर्धी कपचीनं होईना आणि न्हावी दुसऱ्या गावाला गेलेला. आरतीला मास्तर तसेच उभे, एका गालावर दाढी आणि दुसऱ्या गालावर हळद. "अहो वस्तरा हाय ना तुमच्याकडं?" सासूबाईंनी विचारलं. "आहे ना," मास्तर म्हणाले, "पण मग मला कळलं कसं असतं, की तेव्हाच्या लोकांना दाढ्या का असायच्या?"

आता मूळ गोष्टीकडे येते.

आमच्या घराच्या खाली, खाडीच्या वाटेवर, शिंपल्यांचा एक मोठा ढीग होता. चांगला पुरुषभर उंच, वर माती बसलेली, करवंदीच्या जाळ्या उगवलेल्या. परक्याला ती टेकडीच वाटावी. मास्तर मुळात आमच्याकडे आले ते या ढिगापायी. परदेशात म्हणे समुद्रकाठी असेच ढीग सापडले होते. पूर्वीच्या माणसांनी शिंपले खाऊन खाऊन, पिढ्यान् पिढ्या एका जागी टरफलं टाकली, त्याचे डोंगर झाले. ते उकरून तिथल्या विद्वानांनी त्या माणसांचं सगळं जगणं बाहेर काढलं. आपल्या कोकणातही माणूस तेव्हा राहत होता, हे मास्तरांना दाखवायचं होतं. "आपल्याकडे काहीही जुनं दिसलं की पांडवांनी केलं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं," ते चिडून म्हणायचे. "पांडवांच्या आधी इथं कोणी जेवत नव्हतं काय?"

दोन वर्षं ते त्या ढिगावर खपले. सकाळी ऊन चढायच्या आत उतरायचे, मधोमध एक खड्डा घेतलेला, त्यात दोरी लावून वीतवीत खाली जायचे. प्रत्येक वितीच्या शिंपल्यांची वेगळी पुडी, पुडीवर अक्षर. चित्रं तर अशी सुरेख, की शिंपला कागदावरून उचलून घ्यावासा वाटे. खड्ड्यात राख लागली त्या दिवशी धावत वर आले. "चूल, सूनबाई! हजारो वर्षांपूर्वीची चूल!" मीही कौतुकानं बघायला गेले. राख चांगली हातभर जाड होती. एवढी मोठी चूल म्हणजे गावजेवणच असलं पाहिजे, असं मला वाटलं, पण मी कोण बोलणार.

त्यांच्या शाळेतले जुने लोक त्यांना हसायचे. भेटले की विचारायचे, "काय मास्तर, सापडले का पूर्वज?" मास्तर वरवर हसत, पण लागायचं त्यांना. म्हणून त्यांचा सगळा जीव एका गोष्टीत होता. मुंबईला एक प्रोफेसर होते, परदेशात हेच शिकून आलेले. त्यांनी एकदा येऊन ढीग बघावा आणि म्हणावं, होय, इथं माणूस राहत होता. बस, एवढंच. दीड वर्ष मास्तर त्यांना पत्रं घालत होते.

आणि शिमग्यानंतर उत्तर आलं. मी ओटीवर कुळीथ निवडत होते, सासूबाई सुपानं तांदूळ पाखडत होत्या. मास्तर पत्र फडकवत आले. "येताहेत! गुरुवारच्या बोटीनं! चारच दिवस उरलेत!"

"कोण येताहेत वो?" सासूबाईंनी विचारलं.

"प्रोफेसर! ढीग बघायला!"

"म्हंजे तुमचा औषध झाला तर एकदाचा."

"औषध? कसलं औषध?"

"आता माज्यापासून काय लपवताव? शिंपल्यांचा भस्म करताव न्हवं? दोन वर्सं पुड्या बांधताय त्या कशाला मग? माज्या गुडघ्यासाठी मागीन म्हणत व्हते मी."

मास्तरांना हसू आवरेना. पायरीवर बसून डोळे पुसत त्यांनी सासूबाईंना पुन्हा सगळं समजावलं, की हा ढीग फार फार जुन्या माणसांचा उकिरडा आहे, त्यांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचा.

सासूबाईंचं सूप थांबलं. "खाऊन? तो ढीग? अवो, तो माज्या सासऱ्याच्या चुन्याच्या भट्टीचा ढीग हाय."

"चुन्याची भट्टी?"

"तर! मी लगीन होऊन आले तवा भट्टी पेटती व्हती. बायका वेचून आणीत आनि सासरा जाळी. तो गेला तशी भट्टी बंद पडली, शिंपला ऱ्हायला तिथंच. भट्टीचे चिरे उचलून आमी गोठा बांधला. गोठ्याचे चिरे काळे कशानं झालेत, इचारलाव कदी?"

मास्तर दोन वर्षं त्या गोठ्यावरून खाली जात होते.

"मी खोतांना विचारलं," ते हळू आवाजात म्हणाले. "गुरवाला विचारलं. गावकीत विचारलं. सगळे म्हणाले, पांडवांच्या वेळचा."

"बाप्यांना काय ठावं शिंपल्यातला! मला इचारलाव?"

नव्हतं विचारलं. आमच्या चुलीपुढे बसून माझ्या कोयतीचे घाव मोजले होते, पण ढिगाचं सासूबाईंना विचारावं असं त्यांच्या मनात आलं नव्हतं. ते उठले, खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

त्या दिवशी त्यांनी भात रांधला नाही. दुसऱ्या दिवशीही भिंतीकडे तोंड करून पडून. येऊ नका म्हणून लिहावं तर पत्र पोचायच्या आधी प्रोफेसर बोटीत बसलेले असणार. सासूबाईंना तर अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेजेची वाटी दाराशी ठेवायच्या, परत आणायच्या. शेवटी दाराबाहेर उभ्या राहून म्हणाल्या, "मास्तर, मी न्हाय सांगणार त्या सायबाला. ही पन न्हाय सांगणार. मुंबयचा मानूस तो, त्याला काय कळतंय? तुमी आपला तुमचा दाखवा."

मग दार उघडलं. दाढी वाढलेली, या वेळी दोन्ही गालांवर. "मालकीणबाई, तुमचं मन मोठं आहे," ते म्हणाले, "पण मी रोज उठून जगाला सांगतो की उकिरडा खोटं बोलत नाही, आणि आता त्याच्या नावानं मीच बोलू? साहेबांना बंदरावरच सांगतो सगळं आणि त्याच बोटीनं परत लावून देतो." मग माझ्याकडे वळले. "सूनबाई, तुलाही हे ठाऊक होतं?"

मला भट्टीचं ठाऊक नव्हतं. मी गुहागरकडची, लग्न होऊन आले तेव्हा ढिगावर करवंदी उगवल्या होत्या. पण एक गोष्ट मला पहिल्यापासून दिसत होती, ती सांगितली. "मास्तर, तुमच्या पुड्यांतले शिंपले खाल्लेले नाहीत, हे दिसत होतं मला. त्यांच्या कडा बघा, गुळगुळीत झाल्यात. म्हणजे लाटेनं लोळवलेले. आणि भोकं बघा, मोहरीएवढी गोल. दुसऱ्याच किड्यानं भोक पाडून आतलं खाल्लंय. असे मेलेले शिंपले किनाऱ्यावर वेचायचे. आम्ही लहानपणी माळा करायचो त्यांच्या, आयती भोकं असतात म्हणून. खायचा शिंपला जिता काढतात. त्याची कड धारदार राहते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मास्तर. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असणारच."

ते उंबऱ्याबाहेर आले. मग एकदम म्हणाले, "परत सांग. सावकाश. थांब, वही आणतो." आणि दोन दिवसांचा उपाशी माणूस तो, पण आधी वही आणली आणि मग पेज घेतली.

बुधवारी आम्ही तिघं ओटीवर बसलो. पुड्या सोडायच्या, शिंपले परातीत ओतायचे, मी आणि सासूबाई निवडणार, मास्तर लिहिणार. तांदूळ निवडावेत तसं चाललं होतं. पहिली वीत, भट्टीचा. दुसरी, भट्टीचा. पाचवी, सहावी, सगळा भट्टीचा. मग ती राख, तीही भट्टीचीच. मास्तर निमूटपणे लिहीत होते. प्रत्येक पुडीला त्यांचा चेहरा थोडा थोडा उतरायचा आणि तरी अक्षर वळणदारच.

शेवटच्या दोन पुड्या राखेच्याही खालच्या, काळ्या मातीतल्या होत्या. सासूबाईंनी त्यातलं एक कालव उचललं, उन्हाकडे धरलं आणि अंगठा कडेवर फिरवला.

"ह्यो खाल्लेला हाय," त्या म्हणाल्या.

मास्तरांचा टाक थांबला.

"पन कोयतीनं न्हाय फोडलेला. कोयतीचा घाव एका जागी पडतो, खाच पडते. ह्यो बघा, कड चेंगरलीय. कुणीतरी दगडानं ठेचून काढलाय." त्यांनी दुसरं उचललं, तिसरं उचललं. "सगळे तसेच. कसली वो ही माणसं, घरात एक कोयती नसावी?"

मास्तर उठून अंगणात गेले, माडाला एक फेरी घातली आणि परत येऊन बसले. त्या पुडीत गारगोटीचे तीन बारके तुकडेही होते.

गुरुवारी प्रोफेसर आले. तरुणच होते, बूट घातलेले. चिखलात बूट रुतले तसे सरळ हातात घेऊन अनवाणी चालू लागले, त्यामुळे सासूबाईंना एकदम आवडले. मास्तरांनी बंदरावरच सांगून टाकलं होतं. ढिगापाशी उभं राहून पुन्हा सांगितलं, "वरचा सगळा ढीग या बाईंच्या सासऱ्यांचा आहे. मी दोन वर्षं चुन्याच्या भट्टीला पूर्वज समजत होतो. खाली दोन विती काय ते निराळं आहे. ते मी नाही ओळखलं, या दोघींनी ओळखलं."

प्रोफेसर हसतील म्हणून मी खाली बघत होते. ते हसले नाहीत. खड्ड्यात उतरले, तळाची माती बोटांनी खरवडली, आणखी काही कालवं आणि एक गारगोटी काढून घेतली. मग वर येऊन सासूबाईंना म्हणाले, "मलाही शिकवा."

सासूबाईंनी त्यांच्यापुढे दोन शिंपले ठेवले. "यातला खाल्लेला कुठचा?"

त्यांनी बराच विचार करून एक उचलला.

"चुकलाव! ह्यो भट्टीचा. मुंबयला काय शिकलाव मग?"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. प्रोफेसर मात्र इतके मोठ्यानं हसले की माडावरचे कावळे उडाले.

तीन दिवस ते राहिले. निघायच्या आदल्या दिवशी ओटीवर सगळं मांडून बसले आणि म्हणाले, "मास्तर, मी खोटी आशा लावणार नाही. किती जुनं ते मला सांगता येत नाही. ही जागा अजून पुष्कळ खोदायला हवी. पण लोखंड हाताशी नसलेली माणसं इथं बसून जेवली, एवढं मी लिहून देईन."

मास्तरांनी मान हलवली. दीड वर्ष ज्यासाठी पत्रं घातली ते मिळालं होतं, पण त्यांनी एवढंच विचारलं, "कोण असतील? किती असतील?"

"ते कसं कळणार?" प्रोफेसर म्हणाले.

"एक बाई व्हती," सासूबाई म्हणाल्या. त्या परातीतल्या कालवांवरून हात फिरवत होत्या. "आनि तिच्यासंगट पोर."

दोघेही वळले. "कशावरून?"

"ही बघा, मोठी मोठी कालवं, एका मापाची. बाई बारीक कालव काढत न्हाय, त्यात काय खायला नसतं, मेहनत फुकट. आनि ही मूठभर बघा, नखाएवढी. पन तीबी ठेचलेली. ही पोरानं काढली. बाईनं म्हटलं असंल, टाक मेल्या ती, त्यानं ऐकलं न्हाय. घरी आणली, मग तिनं तीबी फोडून दिली त्याला." त्यांनी ती मूठभर वेगळी काढून ठेवली. "माजी पोरं अशीच करायची."

प्रोफेसरांनी वही काढली होती, पण लिहिलं काही नाही. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांना ते पुसायचं भान नव्हतं. दोन वर्षं ज्यांच्यामागं लागले ती माणसं एकाएकी समोर येऊन बसल्यासारखी झाली होती, एक दमलेली बाई आणि एक हट्टी पोर.

मग मास्तर उठले. दोन हात अंतरावरचा आपला पाट त्यांनी ओढून सासूबाईंच्या पुढ्यात घेतला, त्यावर मांडी घातली आणि वहीचं कोरं पान काढून म्हणाले, "मालकीणबाई, आता पहिल्यापासून सांगा. ओहोटीला बाई घरून निघते, तिथपासून."

सासूबाईंनी पदर सारखा केला आणि सांगायला घेतलं. भात करपल्याचा वास साऱ्या घरभर झाला, तरी आमच्यातलं कुणी उठलं नाही.